पंख्यांची कंपने, औद्योगिक

कारखाने, खाणी, औष्णिक विद्युत् केंद्रे इ. ठिकाणी हवा अथवा वायू मोठ्या प्रमाणावर हलविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या पंख्यांच्या फिरत्या व स्थिर भागांत, पंखा चालू असताना निर्माण होणाऱ्या आवर्ती (ठराविक कालावधीने पुनःपुन्हा होणाऱ्या) हालचालींना औद्योगिक पंख्यांची कंपने म्हणतात. ही कंपने किती मोठी होतील व कोणत्या वेगाला ती धोक्याची ठरतील, हे पंखा बांधण्यापूर्वी किंवा तो बिघडल्यानंतर ठरविण्यासाठी प्रत्यक्ष पंख्याच्या जागी काही थोडी वस्तुमाने, स्प्रिंगा व कंपनांची ऊर्जा शोषून घेणारे अवमंदक यांची कल्पना करतात आणि त्यांच्या गतीची समीकरणे मांडतात. अशा मांडणीस गणितीय प्रतिमान म्हणतात. [⟶ पंखा].

घरातील छताचा पंखा थोडा डगमगला, तरी फारसे बिघडत नाही. परंतु २ मी. व्यासाचे व सु. २,००० किग्रॅ. वस्तुमानाचे पोलादी चक्र दर मिनिटास १,००० च्या आसपास फेरे घेत असते, तेव्हा त्याच्या परिघाचा वेग सेकंदाला १०० मी.पेक्षा अधिक असतो. कंपनांमुळे शिणलेले पाते तुटले, तर ते पंख्याचे आवरण फोडून बाहेर पडू शकते. बाष्पित्राच्या (बॉयलरच्या) भट्टीतील धूर ओढून धुराड्यात ढकलणारा पंखा थांबला की, भट्टीही विझवावी किंवा मंद करावी लागते. कोळशाच्या खाणीतील वायुवीजनाचा पंखा बंद पडल्यास मिथेन साठू लागतो आणि खाली काम करणाऱ्यांना वर आणणे भाग पडते. त्यामुळे पंख्यांच्या कंपनांचे गणित हा केवळ अभ्यासिकेतील विषय राहिलेला नाही.

साधे प्रतिमान : दोन टोकांना धारव्यांवर (फिरत्या दंडाला आधार देणाऱ्या भागांवर) टेकलेला एक दंड व त्याच्या मध्यभागी बसविलेले पात्यांचे चक्र, एवढ्यावरच सर्वांत साधे प्रतिमान उभे राहते. दंडाचे वस्तुमान नगण्य व धारवे पूर्णपणे अचल मानतात. दंड वाकला की, तो स्प्रिंगेप्रमाणे चक्राला मूळ जागी खेचतो. दंडाच्या मध्याचे एकक अंतराइतके विस्थापन करण्यासाठी जी प्रेरणा लागेल तिला दंडाची ताठरता म्हणतात. स्थिर चक्राला धक्का देऊन सोडल्यास ते एका ठराविक कंप्रतेने (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येने) हेलकावे घेते. ही त्याची नैसर्गिक कंप्रता होय. ताठरतेला वस्तुमानाने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढले म्हणजे ही कंप्रता रेडियन प्रती सेकंद या एककात मिळते. दंड जितका ताठ तितकी ती अधिक आणि चक्र जितके जड तितकी ती कमी.

कोणत्याही चक्राचा गुरुत्वमध्य त्याच्या भ्रमणाक्षावर नेमका असत नाही. पत्र्याच्या जाडीतील फरक, वितळजोडांतील (वेल्डिंगमधील) कमीअधिक धातू, दंडावर चक्र बसविताना राहिलेली सूक्ष्म तूट अशा कारणांनी तो किंचित बाजूला पडतो. या अंतरास उत्केंद्रता म्हणतात. चक्र फिरू लागले म्हणजे वस्तुमान, उत्केंद्रता व कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतकी केंद्रोत्सारी प्रेरणा निर्माण होते आणि ती चक्राबरोबर फिरत राहून दंडाला दर फेऱ्यास एकदा प्रत्येक दिशेने ओढते. फिरण्याच्या वेगाचे नैसर्गिक कंप्रतेशी असलेले गुणोत्तर स व उत्केंद्रता उ मानल्यास, अवमंदन नसताना कंपनाचा परमप्रसर (मध्य स्थितीपासूनचे कमाल विस्थापन) उ × स² ÷ (१ − स²) इतका येतो.

या छोट्या सूत्रात बरेच काही सामावलेले आहे. वेग कमी असताना स लहान असतो व कंपनेही लहान असतात. स चे मूल्य १ च्या जवळ गेले म्हणजे छेद शून्याकडे जातो व परमप्रसर भराभर वाढतो. हेच अनुस्पंदन होय व ज्या वेगाला ते घडते त्यास क्रांतिक वेग म्हणतात [⟶ अनुस्पंदन]. प्रत्यक्षात अवमंदनामुळे परमप्रसर अनंत होत नाही. परंतु पोलादी दंड व रोलर धारवे यांचे अवमंदन इतके अल्प असते की, त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. क्रांतिक वेगाच्या पलीकडे सूत्राचे चिन्ह बदलते. याचा अर्थ असा की, तेथे चक्राची जड बाजू दंडाच्या बाकाच्या बाहेरील अंगास न राहता आतील अंगास येते. वेग आणखी वाढविल्यास परमप्रसर उत्केंद्रतेइतका होऊन स्थिरावतो, म्हणजे चक्र आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते व यंत्र आश्चर्यकारकपणे शांत होते.

ही शेवटची गोष्ट अभियंत्यांना पटण्यास बराच काळ लागला. विल्यम रँकिन यांनी १८६९ मध्ये फिरत्या दंडाचे जे विश्लेषण केले, त्यावरून क्रांतिक वेगाच्या पलीकडे दंड स्थिर राहूच शकत नाही, असा निष्कर्ष निघत होता. त्यांनी गतीची समीकरणे अपुरी मांडली होती. मात्र त्यांच्या नावाला असलेल्या वजनामुळे हा निष्कर्ष दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. स्वीडनचे गुस्ताव्ह द लाव्हाल यांनी १८८० नंतरच्या दशकात मुद्दाम बारीक व लवचीक दंड वापरून आपले वाफेचे टरबाइन क्रांतिक वेगाच्या कितीतरी पलीकडे चालविले आणि प्रश्न कृतीने निकालात काढला. स्टॅन्ली डंकर्ली यांनी १८९४ मध्ये अनेक चक्रे असलेल्या दंडाचा क्रांतिक वेग अंदाजण्याची सोपी रीत दिली. जर्मनीतील आउगुस्ट फप्पल यांनी १८९५ मध्ये लाव्हाल दंडाचे बरोबर गणित प्रसिद्ध केले. पण ते इंग्रजी जाणणाऱ्या अभियंत्यांच्या फारसे नजरेस आले नाही. हेन्री जेफकॉट यांनी १९१९ मध्ये अवमंदनासह तेच प्रतिमान पुन्हा मांडले. आजही ते बहुधा त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

आधारांची ताठरता : औद्योगिक पंखे बहुधा टरबाइनाप्रमाणे क्रांतिक वेगाच्या पलीकडे चालवीत नाहीत, ते त्याच्या खालीच चालावेत अशी त्यांची रचना करतात. म्हणून अभिकल्पकापुढील (आराखडा करणाऱ्यापुढील) खरा प्रश्न क्रांतिक वेग चालू वेगाच्या किती वर आहे हा असतो. या प्रश्नाला साधे प्रतिमान जे उत्तर देते ते नेहमीच वस्तुस्थितीपेक्षा अधिक आशादायक असते; कारण त्यात धारवे अचल मानलेले असतात. प्रत्यक्षात धारवा, त्याखालची बैठक, पोलादी चौकट, काँक्रीटचा पाया व जमीन ही सर्व थोडीथोडी दबतात. दंडाच्या स्प्रिंगेला ही दुसरी स्प्रिंग एकसरीत जोडल्यासारखी असते आणि एकसरीत जोडलेल्या दोन स्प्रिंगांची मिळून होणारी ताठरता त्यांतील कोणत्याही एकीपेक्षा कमी असते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. चक्राचे वस्तुमान २,००० किग्रॅ., दंडाची ताठरता दर मीटरला ८ कोटी न्यूटन व चालू वेग दर मिनिटास ९९० फेरे आहे असे मानू. (५० हर्ट्‌झ विद्युत् पुरवठ्यावरील सहा ध्रुवी विद्युत् चलित्राचा वेग सर्वसाधारणपणे एवढा असतो.) आधार अचल मानल्यास क्रांतिक वेग दर मिनिटास सु. १,९१० फेरे येतो. चालू वेगाच्या हा जवळजवळ दुप्पट असल्याने पंखा निर्धोक वाटतो. दोन्ही आधारांची मिळून ताठरता दंडाइतकीच असल्यास क्रांतिक वेग १,३५० फेऱ्यांवर उतरतो. ती दंडाच्या निम्मी असल्यास तो १,१०३ फेरे एवढाच उरतो. आता वरील सूत्रात स ची मूल्ये घातली, तर अचल आधारांच्या बाबतीत परमप्रसर उत्केंद्रतेच्या ०·३७ पट येतो आणि मऊ आधारांच्या बाबतीत तो ४ पटींहून अधिक येतो. चक्र तेच, समतोलन तेच, वेगही तोच. परंतु कंपने अकरापट.

साध्या प्रतिमानातील आणखी एक उणीव सहसा ध्यानात येत नाही. पंख्याची कंपने बहुधा धारव्याच्या पेटीवर कंपनमापक टेकवून मोजतात. धारवे अचल मानणाऱ्या प्रतिमानात या ठिकाणचे कंपन शून्य असते. म्हणजे जी राशी मोजली जाते तिच्याविषयीच ते प्रतिमान काहीही सांगू शकत नाही. आधारांची ताठरता समाविष्ट केली म्हणजे ही अडचण दूर होते. वरील मऊ आधारांच्या उदाहरणात चक्राच्या कंपनाच्या दोन-तृतीयांश कंपन धारव्यांवर दिसले पाहिजे. असे भाकीत मोजून पडताळता येते व प्रतिमानाची खरी कसोटी तीच असते.

आधाराची ताठरता सर्व दिशांना सारखी नसते. उभ्या दिशेने बैठक सरळ पायावर दाबली जाते, तर आडव्या दिशेने ती वाकते. त्यामुळे आडवी ताठरता बहुधा कमी असते. परिणामी एका क्रांतिक वेगाचे दोन होतात आणि दंडाचा मध्य वर्तुळाऐवजी लंबवर्तुळात फिरतो. शिवाय ही ताठरता काळाबरोबर बदलते. बैठकीखालचे काँक्रीट तडकले किंवा पायाचे बोल्ट सैल झाले की, ती घटते व क्रांतिक वेग हळूहळू खाली सरकत चालू वेगाजवळ येतो. वर्षानुवर्षे शांतपणे चाललेला पंखा चक्रात काहीही बदल न होता कंप पावू लागतो. अशा वेळी चक्राला पुनःपुन्हा वजने जोडत राहणे म्हणजे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असा प्रकार होतो.

इमारतींच्या वरच्या मजल्यांवरील लहान पंख्यांच्या बाबतीत याच्या उलट मार्ग पतकरतात. पंखा व चलित्र एका जड चौकटीवर बसवून ती मऊ स्प्रिंगांवर ठेवतात, म्हणजे संपूर्ण संचाची नैसर्गिक कंप्रता चालू वेगाच्या बरीच खाली जाते व इमारतीत कंपने कमी पोहोचतात. सुरू होताना व थांबताना मात्र हा संच क्षणभर अनुस्पंदनातून जातो.

असमतोल व राख : चक्रात किती असमतोल राहू द्यावा याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पंख्यांसाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या जी ६·३ या प्रतीत उत्केंद्रता व कोनीय वेग यांचा गुणाकार सेकंदाला ६·३ मिमी. पेक्षा अधिक असू नये, असा संकेत आहे. वरील पंख्याला हे लावल्यास उत्केंद्रता सु. ०·०६ मिमी. येते. म्हणजे भ्रमणाक्षापासून १ मी. अंतरावर सु. १२० ग्रॅ. जादा वजन चालू शकते व त्यामुळे सु. १,३०० न्यूटन प्रेरणा निर्माण होते. याच जागी १ किग्रॅ. राख चिकटली, तर प्रेरणा १०,७०० न्यूटनांवर जाते, म्हणजे एक टनाहून अधिक वजन सेकंदाला साडेसोळा वेळा दिशा बदलत धारव्यांवर आदळते.

ही कल्पित अडचण नाही. भारतातील वीज केंद्रांत जळणाऱ्या कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळदा ३० ते ४५ टक्के असते आणि कोराडी, चंद्रपूर यांसारख्या केंद्रांत धूर ओढणाऱ्या पंख्यांना या राखेला तोंड द्यावे लागते. साखर कारखान्यांच्या बाष्पित्रांत जळणाऱ्या उसाच्या चिपाडाबरोबर शेतातील वाळू येते व तीही पाती घासून काढते. झीज सर्व पात्यांवर सारखी होत नाही आणि चिकटलेला थर सगळीकडे सारखा सुटत नाही. सुटलेला तुकडा कंपने एकाएकी वाढवितो. सर्वांत त्रासदायक प्रकार पक्ष्याच्या पंखाच्या आकाराच्या पोकळ पात्यांचा असतो. अशा पात्यांची कार्यक्षमता चांगली असते. परंतु झिजून त्यांना भोक पडले की, आत राख शिरते व ती सुरू-बंद करताना जागा बदलते. त्यामुळे असमतोल दर वेळी निराळा दिसतो व कोणतेही स्थिर प्रतिमान त्याला लागू पडत नाही. दाट राख असलेल्या ठिकाणी पोकळ पाती टाळणे हाच त्यावर शहाणपणाचा उपाय होय.

जागेवरील समतोलन : पंख्याचे चक्र न उतरविता केले जाणारे समतोलन हे गणितीय प्रतिमानाचे सर्वांत साधे व सर्वांत उपयुक्त उदाहरण म्हणता येईल. त्यात ताठरता, वस्तुमान किंवा अवमंदन यांपैकी काहीच माहीत असावे लागत नाही. असमतोल दुप्पट केला तर कंपनही दुप्पट होते, एवढेच गृहीत धरलेले असते. कंपन केवळ परमप्रसराने व्यक्त न करता, दंडावरील खुणेच्या संदर्भात ते किती अंशांवर आहे (कला) हेही मोजतात. त्यामुळे प्रत्येक मापन एक सदिश (परिमाण व दिशा असलेली राशी) होते. समजा, मूळ कंपन ० अंशावर सेकंदाला ८ मिमी. आहे. खुणेजवळ २०० ग्रॅ. चाचणीवजन लावल्यावर ते ९० अंशांवर ६ मिमी. झाले. दुसऱ्या सदिशातून पहिला वजा केल्यास चाचणीवजनाचा एकट्याचा परिणाम १० मिमी. व त्याची दिशा सु. १४३ अंश येते. मूळ कंपन नाहीसे करण्यासाठी १८० अंशांवर ८ मिमी. परिणाम हवा. म्हणून चाचणीवजन काढून टाकून त्याच्या ०·८ पट म्हणजे १६० ग्रॅ. वजन, कला मोजण्याच्या दिशेने सु. ३७ अंश सरकवून लावावयाचे. रुंद चक्रांना किंवा दुहेरी तोंडाच्या पंख्यांना हेच गणित दोन प्रतलांत एकाच वेळी करावे लागते.

ही रीत दोन परिस्थितींत फसते. बोल्ट सैल असल्यास कंपन असमतोलाच्या प्रमाणात राहत नाही. चालू वेग क्रांतिक वेगाच्या अगदी जवळ असल्यास कला इतकी झपाट्याने बदलते की, वेगातील किंवा तापमानातील थोडा फरकही सगळे हिशेब उलटवितो. समतोलन केलेला पंखा दुसऱ्या दिवशी पुन्हा कंप पावत असेल, तर वजनापेक्षा आधारांकडे पाहिले पाहिजे. त्यासाठी चलित्राचा पुरवठा तोडून पंखा आपोआप थांबेपर्यंत परमप्रसर व कला नोंदविणे ही सोपी कसोटी आहे. वेग उतरताना परमप्रसर वाढून मग कमी झाला व त्याच वेळी कला १८० अंशांच्या आसपास फिरली, तर चालू वेगाच्या खाली क्रांतिक वेग आहे हे सिद्ध होते. पुरवठा तोडताक्षणी कंपने नाहीशी झाली, तर त्यांचे मूळ चलित्रातील विद्युत् दोषात असते.

लोंबते चक्र : पुष्कळ पंख्यांत चक्र दोन धारव्यांच्या मध्ये न बसविता दंडाच्या बाहेर आलेल्या टोकावर बसवितात. उष्ण वायूपासून धारवे दूर ठेवणे त्यामुळे सोपे होते. अशा दंडाला बाक आला की, चक्र नुसते सरकत नाही, तर कलतेही. फिरते चक्र भोवऱ्याप्रमाणे कलण्यास विरोध करते. या घूर्णी परिणामामुळे फिरण्याच्या दिशेने होणाऱ्या कंपनाची कंप्रता वेगाबरोबर वाढते व उलट दिशेच्या कंपनाची घटते. म्हणजे नैसर्गिक कंप्रता ही स्थिर राशी न राहता वेगावर अवलंबून असते. थांबलेल्या पंख्यावर हातोडीने ठोकून मोजलेली कंप्रता येथे जशीच्या तशी वापरणे चुकीचे ठरते.

इतर प्रेरक कारणे : असमतोलामुळे दर फेऱ्यास एक कंपन होते. चलित्र व पंखा यांचे दंड एका रेषेत नसल्यास बहुधा दर फेऱ्यास दोन कंपने दिसतात. प्रत्येक पाते आवरणाच्या कडेजवळून जाताना हवेचा दाब क्षणभर बदलतो. बारा पात्यांचा पंखा ९९० फेऱ्यांनी फिरत असल्यास या कारणाने १९८ हर्ट्‌झ कंप्रतेची प्रेरणा मिळते. झडप बरीच मिटून प्रवाह फार कमी केल्यास हवा पात्यांपासून सुटते व सुटलेले पट्टे चक्राभोवती फिरण्याच्या वेगाहून निराळ्या वेगाने सरकू लागतात. या सर्व कंप्रतांपैकी एखादी पात्याच्या किंवा चक्राच्या तबकडीच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळली, तर धारव्यांवर फारसे कंपन न दिसताही तडा जाऊ शकतो. विल्फ्रेड कॅम्बेल यांनी वाफेच्या टरबाइनांच्या तबकड्यांचा अभ्यास करून १९२४ मध्ये जो आलेख सुचविला, तो येथेही उपयोगी पडतो. आडव्या अक्षावर फिरण्याचा वेग व उभ्या अक्षावर कंप्रता घेतात. नैसर्गिक कंप्रतांच्या जवळजवळ आडव्या रेषा व प्रेरक कंप्रतांच्या आरंभबिंदूतून निघणाऱ्या तिरप्या रेषा जेथे छेदतात, ते वेग टाळण्यासारखे असतात.

संगणकीय प्रतिमाने : एन. ओ. मिकलस्टॅड (१९४४) व एम. ए. प्रोल (१९४५) यांनी दंडाचे अनेक तुकडे कल्पून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने आकडेमोड करण्याची पद्धत दिली. १९७० नंतर सांत-घटक पद्धत (संपूर्ण रचना लहान घटकांत विभागून सोडविण्याची पद्धत) फिरत्या दंडांना लागू करण्यात आली. दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत काम केलेले जे. एस. राव यांचा फिरत्या यंत्रांच्या गतिकीवरील इंग्रजी ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला व भारतातील अभियंत्यांच्या वापरात आला. आता पाती, तबकडी, दंड, बैठक व पाया या सर्वांचे हजारो घटकांचे प्रतिमान साध्या संगणकावरही सोडविता येते. मात्र पायाखालच्या मातीची किंवा जुन्या काँक्रीटची ताठरता संगणक स्वतः शोधून देत नाही. ती मोजून किंवा अंदाजाने भरावी लागते व उत्तराची अचूकता त्या एका आकड्यावर अडून राहते.

पूर्वी प्रवाह कमीअधिक करण्यासाठी पंखा एकाच वेगाने चालवून झडपा वापरीत. कंप्रता बदलणारी इलेक्ट्रॉनीय साधने उपलब्ध झाल्यापासून विजेच्या बचतीसाठी पंख्याचा वेगच बदलण्याची प्रथा वाढली आहे. त्यामुळे एका वेगापासून क्रांतिक वेग दूर ठेवणे पुरेसे होत नाही. पंखा भाराप्रमाणे कोणत्याही वेगाला तासन्‌तास राहू शकतो व जी अनुस्पंदने पूर्वी सुरू होताना काही सेकंदांत ओलांडली जात, त्यांवरच तो नेमका थांबण्याचा संभव असतो. म्हणून जुन्या पंख्याला असे साधन जोडण्यापूर्वी वरील आलेख नव्याने काढतात, दंडाच्या पिळाच्या कंपनांचाही हिशेब करतात आणि छेदबिंदूंच्या आसपासचे वेगांचे पट्टे नियंत्रकात वर्ज्य म्हणून नोंदवितात, म्हणजे पंखा ते पट्टे न थांबता ओलांडतो.